फुंकर, रडू आणि मेंदूचं रक्त

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्याच्या परिसरात, फुंकणी अजून वापरातून गेलेली नाही. पावसाळ्यात ओलं सरपण पेटेना की जोर लावून फुंकावं लागतं आणि मग कुणालाही जरा गरगरतं. घटकाभर बसलं की उतरतं. क्वचित एखाद्या मुलाचा मात्र अशा फुंकण्यानंतर एक हात लुळा पडतो, जीभ जड होते आणि काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. जपानी डॉक्टरांना हे दिसलं ते वाफाळते नूडल्स फुंकून खाणाऱ्या, माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या, हमसून रडणाऱ्या मुलांमध्ये.

हा मोयामोया आजार. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांना कवटीत शिरल्यावर जिथे फाटे फुटतात, नेमक्या तिथेच त्या हळूहळू अरुंद होत जातात. रक्त कमी पडू लागलं की मेंदूच्या तळाशी बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून सुझुकी आणि ताकाकू यांनी 1969 मध्ये त्याच अर्थाचं हे जपानी नाव रूढ केलं.

फुंकण्याचा किंवा रडण्याचा इथे काय संबंध? भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि तो घटला की मेंदूतल्या वाहिन्या आक्रसतात. निरोगी मेंदू तेवढं सोसतो. इथे पुरवठा आधीच काठावर असतो, त्यामुळे हात थांबतो, शब्द अडतो. ज्याला आपण टाकाऊ वायू म्हणतो, तोच मेंदूच्या वाहिन्या रुंद ठेवतो, याचं मला फार नवल वाटतं.

कधी वारंवार डोकेदुखी, कधी फीट, कधी हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, अशीही सुरुवात होते. मोठ्यांमध्ये नाजूक वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मुलांच्या बाबतीत घात होतो तो झटका लगेच ओसरल्यामुळे. ‘सोंग करतोय’ किंवा ‘वारं गेलं असेल’ म्हणून घरचे गप्प बसतात. हात परत हलू लागला तरी 108 ला फोन करून दवाखाना गाठायलाच हवा. पुढे एमआरआयमध्ये धमन्यांची अवस्था कळते.

अरुंद झालेली धमनी औषधानं पुन्हा रुंद होत नाही. गुठळी होऊ नये म्हणून बऱ्याचदा अ‍ॅस्पिरिन देतात, पण खरा आधार शस्त्रक्रियेचा. कानाच्या पुढे बोट ठेवा. ठोका लागतो ती डोक्याच्या त्वचेला रक्त पुरवणारी धमनी. सर्जन तिला कवटीतल्या छिद्रातून आत नेऊन केसाहून बारीक धाग्यानं मेंदूच्या धमनीला जोडतात. असा जोड झ्युरिकमध्ये यासरगिल यांनी 1967 मध्ये पहिल्यांदा केला. लहान मुलांच्या वाहिन्या जोडायला फार बारीक, म्हणून अनेकदा ती धमनी मेंदूवर नुसती पसरून ठेवतात. रक्ताला आसुसलेला मेंदू काही महिन्यांत तिच्यातून नव्या वाहिन्या स्वतःकडे ओढून घेतो!

या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाचं लक्ष सतत कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर असतं. आणि भूल देण्याआधी मूल घाबरून रडू नये, याची काळजी सगळे मिळून घेतात.