धरणाचे वय आणि भिंतीतले पाणी

पुणतांबा गोदावरीच्या काठी वसलेले असले, तरी उन्हाळ्यात तेथील शेतकरी नदीपेक्षा कालव्याच्या आवर्तनाची वाट अधिक पाहतो. हे पाणी वर नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालव्यात सोडले जाते, आणि त्या बंधाऱ्यासाठी पाणी साठवून ठेवणाऱ्या धरणांपैकी दारणा धरण १९१६ सालचे आहे. पुणतांब्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की चितळीनंतर थोड्याच वेळात श्रीरामपूर येते. तेथे प्रवरेच्या कालव्यांचा मुलूख लागतो. त्यांचा मुख्य आधार असलेले भंडारदऱ्याचे धरण १९१० साली बांधावयास घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. या भागातील अनेक गावांचे पिण्याच्या पाण्याचे साठवण तलावही कालव्यांवरच भरतात. म्हणजे आपल्या शेताचा आणि घागरीचा भार ज्या भिंतींवर आहे, त्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाच्या आहेत.

इतकी जुनी भिंत सुरक्षित असते काय? 'शंभर वर्षे टिकली, म्हणजे पुढेही टिकेल' असे काही जण म्हणतात. 'शंभर वर्षे झाली, आता ती जाणारच' असे दुसरे म्हणतात. ही दोन्ही मते पदार्थविज्ञानाला मान्य होण्याजोगी नाहीत. का, ते पाहू.

भंडारदऱ्याचे धरण दगड-चुन्याच्या बांधकामाचे असून त्याची उंची सुमारे ८२ मीटर आहे. त्यामागे सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. केवळ स्वतःच्या वजनावर पाण्याला तोंड देणाऱ्या अशा धरणास गुरुत्व धरण म्हणतात. आपण गणितासाठी एक सोपे धरण कल्पू या. हे भंडारदरा नव्हे, पण त्याच्याच जातीचे. त्याचा छेद काटकोन त्रिकोणाचा, उंची ८० मीटर, पायाची रुंदी ६० मीटर, आणि पाण्याकडची बाजू उभी. त्याच्या फक्त एक मीटर लांबीच्या पट्ट्याचा विचार करू.

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. तळाशी तो दर चौरस मीटरला ८० टन होतो आणि माथ्याशी शून्य असतो. सरासरी ४० टन धरून त्यास ८० मीटर उंचीने गुणले की एकूण रेटा ३,२०० टन येतो. हा रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे सुमारे २६.७ मीटरवर लागतो. बांधकामाची घनता पाण्याच्या २.४ पट धरल्यास पट्ट्याचे वजन ५,७६० टन भरते, व ते पाण्याकडील पायथ्यापासून २० मीटरवर कार्य करते. आता रेटा आणि वजन यांचे परिणामी बल पायाला कोठे छेदते ते काढा. उत्तर येते ३४.८ मीटरवर. दगड-चुन्याचे बांधकाम दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून हा बिंदू पायाच्या मधल्या तृतीयांशात, म्हणजे २० ते ४० मीटरांच्या दरम्यान असावा लागतो. तो तसा आहे. धरण सुरक्षित! शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे, कारण गंमत पुढेच आहे.

आपण एक बल विसरलो. पाणी भिंतीच्या समोर असते तसेच ते भिंतीखाली आणि भिंतीतही शिरते. पायाचा खडक आणि बांधकामाचे सांधे यांतून झिरपणारे पाणी धरणाला खालून वर उचलू पाहते. इंजिनियर त्याला 'अपलिफ्ट' म्हणतात. पाण्याकडील पायथ्याशी हा दाब पुरा ८० टन आणि कोरड्या बाजूस शून्य धरला, तर एकूण २,४०० टन बल धरणाला वर उचलते. धरणाचे परिणामकारक वजन उरते ३,३६० टन. पुन्हा गणित करा. परिणामी बलाचा बिंदू आता ४५.४ मीटरवर सरकतो, मधल्या तृतीयांशाच्या बाहेर. पाण्याकडील पायथ्याशी ताण निर्माण होतो व तेथे भेग उघडू लागते. त्या भेगेत पाणी पूर्ण दाबाने शिरते, त्यामुळे उचलणारे बल आणखी वाढते आणि भेग आणखी लांबते. दुष्टचक्र म्हणतात ते हेच. बाहेरून मात्र भिंत पूर्वी होती तशीच दिसते.

हे ज्ञान महागात मिळालेले आहे. फ्रान्समधील बूझी येथील धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटून ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर मोरिस लेव्ही या शास्त्रज्ञाने भिंतीत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाकडे सर्वांचे लक्ष वेधले. तरीही पुढे कित्येक वर्षे अनेक धरणांच्या आकडेमोडीत हा दाब पुरता धरला जात नसे.

भंडारदऱ्यालाही त्रास झालाच. १९६९ साली धरणास भेगा गेल्याचे व गळती फार वाढल्याचे आढळले. तेव्हा धरण त्रेचाळीस वर्षांचे, म्हणजे म्हातारे मुळीच नव्हते. त्यानंतर भिंतीच्या कोरड्या अंगास टेकूच्या जाड भिंती बांधून ते बळकट करण्यात आले. अशा टेकूंमुळे वजन वाढते आणि पायाही रुंदावतो, म्हणजे वरच्या गणितातील दोन्ही आकडे आपल्या बाजूला झुकतात. भंडारदऱ्याला सहलीस जाणारे छत्री धबधबा पाहून परततात. त्यांनी क्षणभर या टेकूंकडेही पाहावे, असे मला वाटते.

दुसरा उपाय निचऱ्याचा. भिंतीत व पायात उभी भोके पाडून झिरपलेले पाणी वाटेतच काढून घ्यायचे. वरच्या उदाहरणात उचलणारा दाब एक तृतीयांशावर आणला, तर बिंदू ३७ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे परत सुरक्षित पट्ट्यात. म्हणून निचऱ्याच्या भोकांतून पाणी येणे हे घाबरण्याचे कारण नव्हे. उलट भोके चुन्याने बुजून ते पाणी एकाएकी आटले, तर इंजिनियरने चिंता करावी. जुन्या भिंतींवर पांढरे ओघळ दिसतात. झिरपणारे पाणी सांध्यांतील चुना विरघळवून आणते, बाहेर हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. धरणाचे खरे म्हातारपण ते हे. सांध्यांतला चुना थोडा थोडा निघून जातो आणि पाण्याला वाट मोकळी होते.

मातीच्या धरणाची गोष्ट निराळी. तेथे पाणी किती येते याबरोबरच ते कसे येते हे पाहावे लागते. पाणी गढूळ येत असेल तर ते धरणाची माती आतून वाहून आणीत आहे असे समजावे. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले व वीसच्या आसपास माणसे दगावली. ते धरण जेमतेम वीस वर्षांचे होते, आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. भंडारदरा त्याच्या चौपटीहून वयस्क, आणि उभे आहे.

तेव्हा पाहायचे ते गळतीतील बदलाकडे. गळती मोजण्याचे साधन फार सोपे आहे. पाण्याच्या वाटेत पत्र्याची आडवी फळी बसवून तिला काटकोनी खाच पाडतात. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची ५ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर पाणी जाते; १० सेंटीमीटर असेल तर सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो! शेतातल्या चारीवर जुन्या डब्याच्या पत्र्याने हा प्रयोग करता येईल. उंची खाचेवरच मोजू नका, कारण तेथे पाणी खाली वाकते. थोडे मागे मोजा. मग बादली आणि घड्याळ घेऊन आकडा पडताळा.

धरणावरील नोंदी ताडताना एक पथ्य पाळावे लागते. ऑगस्टमधील गळती मेमधील गळतीशी ताडून काही कळत नाही, कारण जलाशयाची पातळीच वेगळी असते. पातळी सारखी असतानाचे वेगवेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवावे लागतात. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी बंधनकारक केली आहे. धरणात किती टक्के साठा झाला हे पावसाळ्यात वर्तमानपत्रे रोज छापतात, आणि पुणतांब्यासारख्या गावात पारावर त्याची चर्चाही होते. त्याच रकान्यात, त्याच पातळीला गेल्या वर्षी गळती किती होती आणि यंदा किती आहे, हे दोन आकडे छापावयास काहीच हरकत नसावी.