विद्यापीठाच्या गेटातून आत

बीड जिल्ह्यातील ज्या मुलामुलींचे यंदा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाव लागले, त्यांच्यासोबत आम्ही छत्रपती संभाजीनगरला गेलो. गेटापाशी मुले थबकलीच. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला, नाव लागायला मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात घरे जळाली, माणसे गेली. हे आम्ही त्यांना तिथेच सांगितले.

आत गेल्यावर आधी वसतिगृहाचा अर्ज! दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला गेले की गावच्या घराला कुलूप. मग पोर राहणार कुठे? पालकहो, मुलीच्या बाबतीत तर हे आधीच पक्के करा. गुणपत्रिका, टी.सी., जातीचा व उत्पन्नाचा दाखला मूळ प्रतींसह जवळ असू द्या. आणि (आम्ही स्वतः कारकून, म्हणून सांगतो) अर्जाची पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.