हेरल्डचे मोल

चेन्नईच्या टी. नगरात एखाद्या घरी जपलेली जुनी स्टँडर्ड हेरल्ड मोटार विक्रीस निघाली, तर संग्राहकाने तिचे मोल कशावरून ठरवावे? नुसत्या चकाकीवरून खचित नव्हे.

इटालियन रचनाकार जोव्हानी मिकेलोत्ती यांनी आखलेली ही मोटार १९६१ पासून या शहराजवळच तयार होऊ लागली. इंग्लंडात हिचाच सांगाडा आखूड करून १९६२ साली ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही शर्यतीच्या थाटाची गाडी जन्मास आली. हेरल्डचे इंजिनावरील झाकण चाकांवरच्या पत्र्यांसह पुढे उलटते. त्यामुळे दुरुस्ती सुलभ होते. मात्र खालचा लोखंडी सांगाडा गंजतो, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तर अधिकच. म्हणून ग्राहकाने प्रथम गाडीखाली डोकवावे, आणि मग सांगाड्यावरील क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीची ‘व्हीए’ मालिकेत स्वतंत्र नोंदणी होते. सांगाडा, बांधा वा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असल्यास हा मान मिळत नाही. रंग केव्हाही नवा देता येतो. गमावलेले अस्सलपण मात्र परत येत नाही.