छायाचित्र-कोलाज

छायाचित्र-कोलाज : दोन किंवा अधिक छायाचित्रे, त्यांचे कापलेले भाग आणि प्रसंगी अक्षरे वा रेखाकृती एकाच पृष्ठावर जुळवून सिद्ध केलेली चित्ररचना. ‘कोलाज’ हा शब्द ‘चिकटविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. एकटे छायाचित्र एखाद्या क्षणाचे दर्शन घडविते. कोलाजमध्ये अनेक क्षणांचा, व्यक्तींचा वा स्थळांचा परस्परसंबंध दाखविला जातो. पूर्वी कात्री व खळ यांच्या साहाय्याने होणारे हे काम आता मुख्यत्वे संगणकावर व भ्रमणध्वनीवर केले जाते आणि त्याचा सर्वाधिक प्रसार समाजमाध्यमांतून होतो.

छायाचित्रे जोडण्याचे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात प्रत्येक चित्राची कड स्पष्ट राहते व रचना जोडलेली आहे हे पाहणाऱ्यास कळते. दुसऱ्यात सांधे झाकून सर्व मिळून एकच दृश्य असल्याचा आभास निर्माण केला जातो. यास संयुक्त छायाचित्र म्हणता येईल. दोहोंचे तंत्र जवळचे असले, तरी पुरावा म्हणून त्यांचे मूल्य भिन्न असते.

इतिहास : ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्हांपासून ‘द टू वेज ऑफ लाइफ’ हे एकच मोठे चित्र तयार केले, हेन्री पीच रॉबिन्सन याचे ‘फेडिंग अवे’ (१८५८) पाच निगेटिव्हांपासून झाले. त्यानंतरच्या दशकांत इंग्लंडमधील उच्चवर्गीय स्त्रियांनी आप्तांची लहान छायाचित्रे कापून जलरंगातील देखाव्यांवर चिकटविलेले संग्रह केले. चित्रकलेत पाब्लो पिकासो व जॉर्ज ब्राक यांनी १९१२ मध्ये कोलाज हे माध्यम रूढ केले. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमधील हाना ह्योख, जॉन हार्टफील्ड आदी कलावंतांनी वृत्तपत्रीय छायाचित्रांची कात्रणे जुळवून समाजावर व राजकारणावर भाष्य केले; हार्टफील्डची नाझीविरोधी चित्रे विशेष गाजली. डेव्हिड हॉकनी याने १९८२ पासून एकाच दृश्याची अनेक छायाचित्रे शेजारीशेजारी मांडून कालावधी व हालचाल सुचविली.

महाराष्ट्रात या तंत्राचा उल्लेखनीय वापर मुंबईत झाला. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या छायाचित्रण संस्थेशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध जातिजमातींच्या लोकांवरील सचित्र ग्रंथाचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत व्यक्तींचे स्वतंत्रपणे घेतलेले छायाचित्र मुंबई व परिसरातील एखाद्या स्थळाच्या छायाचित्रावर बसविलेले आहे. त्या व्यक्ती प्रत्यक्षात त्या ठिकाणी उभ्या नव्हत्या. वेशभूषा, अलंकार व मुद्रा यांबाबत ही चित्रे मोलाची आहेत. परंतु माणूस आणि स्थळ यांच्या संबंधाविषयी त्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

मराठी घरांतील परंपरा : मराठी घरांच्या भिंतींवर एका चौकटीत वाडवडिलांची, लग्नमुंजींची व शाळेच्या वर्गाची लहानमोठी छायाचित्रे बसविण्याची चाल जुनी आहे. डिजिटल छायाचित्रणानंतर लग्नाच्या ‘करिझ्मा अल्बम’मध्ये संगणकावर जुळविलेली पाने आली आणि वाढदिवस, निवड व स्वागत या निमित्तांनी लावल्या जाणाऱ्या फ्लेक्स फलकांवर छायाचित्रांची दाटी होऊ लागली. या फलकांत मध्यभागी मोठी प्रतिमा व तळाशी शुभेच्छुकांच्या मुखचित्रांची रांग अशी ठरावीक मांडणी आढळते. प्रतिमेच्या आकारावरून व्यक्तीचे मानाचे स्थान सूचित होते. अनधिकृत फलकांविरुद्ध कारवाई करण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिले. त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर २४ तासांनी नाहीशी होणारी छायाचित्रांची ‘स्टेटस’ सुविधा सुरू झाली. आता फलकाची मांडणी तशीच भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आलेली दिसते. मात्र चौकातील दहा फुटी फलकास शोभणारी दाटी तळहाताएवढ्या पडद्यावर निरुपयोगी ठरते.

रचनेची तत्त्वे : भ्रमणध्वनीच्या पडद्याची रुंदी सामान्यतः सुमारे ७ सेंमी. असते. तीन उभ्या स्तंभांत नऊ छायाचित्रे बसविल्यास प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम सव्वादोन सेंमी. रुंदी येते व समूहातील चेहरे ओळखू येत नाहीत. म्हणून एका कोलाजमध्ये तीन ते पाच छायाचित्रे असणे इष्ट होय; अधिक असल्यास ती एकामागून एक सरकविता येतील अशी स्वतंत्र द्यावीत. त्यांपैकी एक प्रमुख असावे व त्याने निम्म्याच्या आसपास जागा व्यापावी. सर्व चित्रे समान आकाराची असल्यास दृष्टी कोठेच स्थिरावत नाही.

निवड करताना दूरचे दृश्य, मध्यम अंतरावरील कृती आणि जवळून घेतलेला तपशील असे तीन प्रकार साधावेत. उदा., कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातील, मधाचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाटगावविषयी कोलाज करावयाचा असल्यास डोंगरातील जंगल, पेटी उघडणारा मधपाळ आणि पोळ्याचा निकट भाग ही तीन चित्रे पुरेशी आहेत. हसऱ्या चेहऱ्यांची दहा सारखी चित्रे एकत्र आणल्याने माहितीत भर पडत नाही. व्यक्तीची नजर रचनेच्या आत वळलेली असावी. ती बाहेर असल्यास पाहणाऱ्याचे लक्षही बाहेर जाते. चित्रांमधील पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवाव्यात आणि उजेड व रंगछटा शक्य तितक्या मिळत्याजुळत्या कराव्यात. मजकूर थोडा, ठळक व शांत पार्श्वभूमीवर असावा.

इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांत चौरस किंवा ४:५ प्रमाणातील उभी रचना आणि स्टेटससाठी ९:१६ प्रमाण सोयीचे असते. रुंदी १,०८० चित्रबिंदू घेतल्यास उंची अनुक्रमे १,०८०, १,३५० व १,९२० चित्रबिंदू होते. पूर्ण पडद्याच्या रचनेत वरच्या व खालच्या कडेस नाव, बटणे इ. येत असल्याने तेथे चेहरे वा अक्षरे ठेवू नयेत. संदेशसेवेतून पाठविलेले छायाचित्र बहुधा आकुंचित होते व पुनःपुन्हा पाठविल्याने त्याचा तपशील नष्ट होतो. यास्तव जमविलेल्या मूळ प्रती वेगळ्या जतन कराव्यात.

सत्यता व हक्क : समाजमाध्यमांवरील कोलाज मूळ संदर्भापासून तुटून दूरवर पसरतो व काही काळाने दस्तऐवज म्हणून वापरला जातो. ऐतिहासिक विषयांत ही बाब गंभीर ठरते. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटी येथील कचेरीवर क्रांतिकारकांनी केलेल्या हल्ल्यात सात जण हुतात्मा झाले. अशा घटनेच्या स्मृतिदिनी कोलाज करताना एखाद्या हुतात्म्याचे खात्रीचे छायाचित्र उपलब्ध नसेल, तर त्या जागी दुसऱ्याची वा संगणकाने कल्पिलेली मुखाकृती न बसविता चौकटीत केवळ नाव लिहावे. रिकामी चौकट ही उणीव नसून अभ्यासकास दिलेली प्रामाणिक सूचना होय. एकदा रूढ झालेला खोटा चेहरा पुढे पाठ्यपुस्तकांत व स्मारकांवरही पोचू शकतो. जुन्या चित्रास नव्याने रंग दिले असल्यास तसे नमूद करावे. वेगवेगळ्या वर्षांची चित्रे शेजारी ठेवल्यास प्रत्येकाखाली वर्ष घालावे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने सांधे न दिसणारी दृश्ये क्षणार्धात तयार होत असल्याने उघड सांध्यांच्या कोलाजचे महत्त्व वाढले आहे.

भारताच्या प्रताधिकार अधिनियमानुसार (१९५७) छायाचित्राचा प्रथम स्वामी सर्वसाधारणपणे छायाचित्रकार असतो. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राच्या बाबतीत, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणारी व्यक्ती स्वामी ठरते. प्रकाशित छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे आंतरजालावर सापडलेले चित्र कापून घेतल्याने त्यावरील हक्क संपुष्टात येत नाही. कायद्याखेरीज संमतीचा प्रश्नही उरतो. घरातील भिंतीवरची चौकट आलेल्यागेलेल्यांपुरती असते, तर समाजमाध्यमांवरील कोलाज अनोळखी लोकांपर्यंत जातो. लहान मुले, रुग्ण व शोकाकुल व्यक्ती यांची छायाचित्रे घेताना त्यांची किंवा पालकांची अनुमती आधी घेणे, तसेच शाळेचे नाव, घराचा पत्ता, वाहनाचा क्रमांक इ. ओळखीच्या खुणा कापून टाकणे आवश्यक आहे.