तान्ह्या जिवांच्या वैद्याचें शिक्षण

एक किलो वजनाच्या अर्भकाच्या अंगांत रक्त तें किती असेल? चहाचा एक लहानसा पेला भरेल इतकेंच. मोजून सांगावयाचें तर सुमारें ८५ मिलिलिटर. अशा बाळाच्या तपासणीसाठीं ५ मिलिलिटर रक्त काढलें, तर प्रौढ माणसाच्या शरीरांतून एकदम पाव लिटरहून अधिक रक्त काढल्यासारखें होतें. मोठ्यांच्या दवाखान्यांत जें माप कोणाच्या लक्षांतही येत नाहीं, तेंच येथें जिवावर बेतूं शकतें. श्रोतेहो, आज ज्या शिक्षणाविषयीं मी बोलणार आहें, त्याचें मर्म पुष्कळसें या एका उदाहरणांत आलें आहे.

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ति नव्हे, हें बालरोगतज्ज्ञ फार पूर्वींपासून सांगत आले. पण नुकतेंच जन्मलेलें मूल, आणि त्यांतही दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेलें मूल, हें लहान मुलाचीही छोटी आवृत्ति नव्हे, ही गोष्ट उमगावयास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें. गर्भांत असतांना मुलाचीं फुप्फुसें द्रवानें भरलेलीं असतात. त्याला लागणारा प्राणवायु वारेंतून, नाळेच्या वाटेनें येतो. जन्म होतांच कांहीं मिनिटांत हा सारा संसार पालटतो. द्रव ओसरतो, फुप्फुसांत हवा शिरते, तिकडे जाणारा रक्ताचा ओघ एकाएकीं वाढतो, आणि गर्भावस्थेंत उघडे असलेले मार्ग मिटूं लागतात. दिवस भरलेलीं बहुतेक मुलें हें अवघड काम कोणाच्या मदतीवांचून, केवळ एक टाहो फोडून पार पाडतात.

दिवस न भरलेल्या मुलाची अडचण निराळी. श्वास सोडल्यावर फुप्फुसांतील बारीक कोश मिटून चिकटूं नयेत म्हणून निसर्ग त्यांना आंतून एका स्निग्ध द्रव्याचा लेप देतो, आणि हा लेप पुरेसा तयार होतो तो गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत. श्वासाच्या विकारानें दगावणाऱ्या अकालजात मुलांत नेमका हाच लेप उणा असतो, हें मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनीं बोस्टन येथें १९५९ सालीं दाखवून दिलें. पुढें १९६३ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपांच आठवडे आधीं जन्मलेला मुलगा याच विकारानें ३९ तासांत गेला. कारण कळलें होतें, पण उपाय हातीं नव्हता. तो लेप बाहेरून फुप्फुसांत सोडण्याचा प्रयोग जपानांत फुजिवारा यांनीं यशस्वी करून दाखविला तो १९८० सालीं. केनेडींच्या घरीं जें घडलें त्यावर आज जिल्ह्याच्या गांवींही इलाज होऊं शकतो. मात्र तो करणारा शिकलेला माणूस तेथें हजर असावा लागतो.

या विद्येला स्वतंत्र नांव मिळालें तें १९६० सालीं, अलेक्झांडर शॅफर या अमेरिकन वैद्याकडून. आपण तिला नवजातशास्त्र म्हणतों. त्याच साली लुई ग्लक यांनीं येल येथें अशा मुलांसाठीं अतिदक्षता विभाग उघडला, आणि १९७५ पासून अमेरिकेंत या विषयाची वेगळी परीक्षा होऊं लागली. आपल्याकडे १९८० सालीं या क्षेत्रांतील वैद्यांनीं ‘नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम’ ही संस्था स्थापन केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेंत डी. एम. या उच्च पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. वैद्यकाची पहिली पदवी उमेदवारीच्या वर्षासह साडेपांच वर्षांची, त्यावर बालरोगशास्त्रांतील एम. डी. चीं तीन वर्षें, आणि त्यावर डी. एम. चीं आणखी तीन. अठराव्या वर्षीं वैद्यकाच्या दारांत पाऊल टाकलेला विद्यार्थी बाहेर पडतो तेव्हां त्यानें तिशी गांठलेली असते. एवढीं वर्षें घेऊन शिकावयाचें तरी काय, असें कोणी विचारील, तर तें विचारणें रास्तच आहे.

प्रथम अर्थात् हात शिकावे लागतात. एक किलोहून हलक्या बाळाच्या श्वासनलिकेंत घालावयाच्या नळीचा आंतला व्यास अडीच मिलिमीटर असतो. ती ओठांपाशीं कोठें थांबवावयाची याचा एक ठोकताळा आहे : किलोंतील वजनांत सहा मिळवावे, एक किलोच्या बाळाला सात सेंटिमीटर. सेंटिमीटरभर अधिक आंत गेली, कीं ती बहुधा उजव्या फुप्फुसाच्या वाटेला लागते आणि डावें उपाशी राहतें. सेंटिमीटरभर बाहेर राहिली, तर बाळानें मान वळवितांच निसटते. जन्मल्यावर जें मूल श्वास घेत नाहीं त्याला पहिलें मिनिट संपण्याच्या आंत पिशवी व मुखवटा यांनीं श्वास द्यावयाचा असतो. हें सारें हल्लीं आधीं रबरी बाहुलीवर गिरवून घेतात, आणि तेंही एकट्याकडून नव्हे. परिचारिका, प्रसूतितज्ज्ञ आणि शिकाऊ वैद्य यांना एकत्र उभें करून, घड्याळ लावून. बाहुलीचा श्वास दहा वेळां चुकला तरी चालतो, ही या व्यवस्थेंतली मोठी सोय. चपळ हाताच्या विद्यार्थ्याला एवढें साधावयास कांहीं महिने पुरतात.

उरलेला सगळा काळ जातो तो मात्रा शिकण्यांत, आणि ती किती अवघड आहे हें समजण्यासाठीं प्राणवायूची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

प्राणवायु म्हणजे जीवन; तो जितका अधिक तितका चांगला, असें कोणालाही वाटेल. १९४० नंतरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत अकालजात मुलांच्या पेट्या सुधारल्या, बंदिस्त झाल्या, आणि त्यांत प्राणवायु मुक्त हस्तानें सोडला जाऊं लागला. मुलें गुलाबी दिसूं लागलीं. त्याच सुमारास, १९४२ सालीं, बोस्टनचे नेत्रवैद्य टेरी यांनीं अशा मुलांच्या डोळ्यांत बुबुळामागें एक पांढुरका पडदा वाढलेला पाहिला. रोग नवा होता, आणि चमत्कार असा कीं, जेथें सोयी उत्तम तेथेंच तो अधिक आढळे. दहा-बारा वर्षांत सुमारें १०,००० मुलें आंधळीं झालीं. कारण शोधतांना जीवनसत्त्वांपासून प्रकाशापर्यंत सर्वांवर संशय घेऊन झाला. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनीं १९५१ सालीं, जेथें प्राणवायु हात राखून दिला जातो तेथें हा रोग कमी दिसतो, असें निदर्शनास आणलें. वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयांत मुलांचे दोन गट करून कसोटी चालली होती. तेव्हां कमी प्राणवायु मिळणाऱ्या मुलांची दया येऊन रात्रपाळीच्या परिचारिका गुपचूप नळ मोकळा सोडीत, असें त्या कसोटीच्या हकीकतींत नमूद आहे. त्यांना दोष कसा द्यावा? नजरेसमोर निळसर पडणारें मूल आणि हाताशीं नळ. मन राखणें सोपें नव्हतें. अखेर १८ रुग्णालयांनीं मिळून १९५३-५४ मध्यें केलेल्या कसोटीनें निकाल दिला : दोषी तोच, प्राणवायु.

येथें गोष्ट संपली असती तर शिकविणें सोपें झालें असतें. नळ आंखडले गेले, आंधळेपण उतरलें; पण पुढचीं वीसएक वर्षें अकालजात मुलें पहिल्याच दिवसांत अधिक संख्येनें दगावूं लागलीं. वांचविलेल्या एकेका दृष्टीमागें सुमारें १६ मुलें गेलीं असावींत, असा अंदाज इंग्लंडांतील क्रॉस यांनीं १९७३ सालीं मांडला. मग योग्य मात्रा कोणती? २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन कसोटींत कांहीं मुलांच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण शेंकडा ८५ ते ८९ राखलें, तर कांहींचें ९१ ते ९५. खालच्या गटांत मृत्यु अधिक झाले, वरच्या गटांत डोळ्यांचा विकार अधिक. सध्यां बहुतेक ठिकाणीं हें प्रमाण ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवतात. पांच आंकड्यांची ही अरुंद पायवाट. एका बाजूस मृत्यु, दुसऱ्या बाजूस अंधत्व. आणि रात्रीं तीन वाजतां तिच्यावरून चालणारा तो शिकाऊ वैद्य. यंत्र आंकडा दाखवितें, घंटा वाजवितें, पण आंकडा घसरला म्हणजे नळ वाढवावयाचा, कीं आधीं मुखवटा नीट बसला आहे का, नाक चोंदलें आहे का, मान वांकली आहे का हें पाहावयाचें, हें त्यानेंच ठरवावयाचें असतें. अनुभवी गुरु त्याच्या मागें उभा राहून बहुधा एकच शब्द उच्चारतो : थांब. तो थांबावयास शिकला, कीं मी म्हणेन, त्याचें पहिलें वर्ष सत्कारणीं लागलें.

या कथेंत आपल्या देशाचाही एक अध्याय आहे. गुदमरलेल्या मुलाला जन्मतः शुद्ध प्राणवायूच द्यावयाचा, हा जगभरचा शिरस्ता होता. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयांतील सिद्धार्थ रामजी यांनीं, नॉर्वेचे ओला सौगस्टाड यांच्या सहकार्यानें, साध्या हवेवरही अशीं मुलें तितकींच सांवरतात असें १९९३ सालीं दाखविलें. पुढें इतर देशांतही पडताळा आला, आणि २०१० च्या आंतरराष्ट्रीय नियमांत दिवस भरलेल्या मुलासाठीं साध्या हवेनेंच आरंभ करावा असें ठरलें. ज्या प्रसूतिगृहांत प्राणवायूची नळकांडीं कधीं भरलेलीं, कधीं रिकामीं असत, त्यांच्या दृष्टीनें हा शोध किती मोलाचा होता!

याच्या उलट, परदेशांत सिद्ध झालेलें सर्वच येथें लागू पडतें असेंही नाहीं. गुदमरलेल्या मुलाचें शरीर तीन दिवस साडेतेहतीस अंशांपर्यंत थंड ठेवल्यास मेंदूची हानि कमी होते, हें श्रीमंत देशांत सिद्ध झालें होतें. भारत, श्रीलंका आणि बांगला देश येथील रुग्णालयांत हाच उपचार कसोटीस लावला, तेव्हां २०२१ सालीं निघालेला निष्कर्ष गंभीर होता : थंड ठेवलेल्या मुलांत शेंकडा ४२ दगावलीं, न ठेवलेल्यांत ३१. असें कां व्हावें याचा शोध चालू आहे. उच्च शिक्षण घेणाऱ्या वैद्याला म्हणूनच संशोधन वाचावयास, तोलावयास, आणि स्वतः करावयास शिकवितात. त्याच्या प्रबंधाला पुष्कळ लोक परीक्षेचा उपचार समजतात. मला तसें वाटत नाहीं.

आणखी एक विषय आहे. त्याला स्वतंत्र तास क्वचितच मिळतो. कांचेबाहेर उभ्या असलेल्या आईबापांशीं बोलावें कसें? ‘बाळ स्थिर आहे’ हें वाक्य फार सोयीचें आहे; त्यामुळेंच तें मला आवडत नाहीं. बाप त्याचा अर्थ ‘वांचलें’ असा घेतो, आणि वैद्याच्या मनांत असतो ‘अजून गेलेलें नाहीं’ एवढाच. आतां तर आईला कांचेबाहेर ठेवणेंच चूक होतें असें दिसून आलें आहे. भारतासह पांच देशांत झालेल्या आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या कसोटींत, एक किलो ते पावणेदोन किलोंच्या आसपास वजन असलेलीं मुलें जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशीं ठेवलीं. नेहमीच्या पद्धतींत शेंकडा १५·७ मुलें महिन्याच्या आंत गेलीं होतीं. येथें गेलीं १२. त्यासाठीं आईची खाट अतिदक्षता विभागांतच असावी लागते. मुंबईच्या शीव रुग्णालयांत आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी काढली, तीहि याच विचारानें : उपचाराच्या केंद्रस्थानीं यंत्राच्या जोडीला आई असावी. नव्या वैद्याला यंत्र चालवितां येतें. आईला जागा करून देणें त्याला शिकवावें लागतें.

प्रश्न राहतो तो संख्येचा. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणें भारतांत दर हजार जन्मांमागें २० मुलें पहिल्या महिन्यांत दगावत होतीं, महाराष्ट्रांत ११. डी. एम. झालेले वैद्य बहुधा मोठ्या शहरांत राहतात. मुलें सर्वत्र जन्मतात. जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात कक्ष उघडण्याची चाल बंगालमधील पुरुलियापासून २००३ सालीं पडली, आणि तेथील वैद्याला चार दिवसांचे पाठ व मोठ्या केंद्रांत दोन आठवडे निरीक्षण, एवढें शिक्षण देण्याची योजना झाली. तीन वर्षांपुढें हे अठरा दिवस कोणासही हास्यास्पद वाटतील. पण गडचिरोलींत अभय व राणी बंग यांनीं ३९ गांवांतील, जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांना नवजातांची शुश्रूषा शिकविली, तेव्हां तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण हजारीं ६२ वरून १९९८ पर्यंत सुमारें २५ वर आलें. थोडें शिक्षण, नेमकें आणि वारंवार तपासलेलें असलें, तर फुकट जात नाहीं. माझ्या मतें डी. एम. च्या तीन वर्षांपैकीं कांहीं महिने जिल्ह्याच्या कक्षांत काढणें सक्तीचें असावें. त्यानें तेथील वैद्य शिकेल, आणि हाही शिकेल, कदाचित् अधिकच.

कारण त्या कक्षांतच प्राणवायूची जुनी कथा नव्यानें घडते आहे. हवा व प्राणवायु मोजून मिसळणारें साधन नसलें, कीं शुद्ध प्राणवायु तसाच दिला जातो. आणि पाश्चात्त्य देशांत ज्या वजनाच्या मुलांना हा नेत्रविकार सहसा होत नाहीं, तीं दीड-पावणेदोन किलोंचीं मुलेंही आपल्याकडे त्याला बळी पडतात. म्हणून येथील नियमच वेगळा आहे : ३४ आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या, किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या प्रत्येक मुलाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आंत नेत्रवैद्याकडून बाहुल्या मोठ्या करून तपासले पाहिजेत. आईनें बाळ घरीं नेलेलें असतें, बाळ दूध पितें, हंसूं लागतें, आणि डोळे बाहेरून अगदीं निर्मळ दिसतात. रोग असला तर किरणोपचारासाठीं वैद्याच्या हातीं कांहींच दिवस असतात. घरीं पाठवितांना दिलेल्या कागदावर ही तारीख लिहिलेली नसेल, तर श्रोतेहो, ती मागून घ्या.