उपप्रश्नाची धार

लोकसभेत तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. ते कचेरीत तयार झालेलं असतं. खरी कसोटी उपप्रश्नाची. तो मंत्र्याला आधी कळत नाही.

१९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटी रुपये घातले. पैसे विमेदारांचे, साध्या माणसांचे! प्रश्नांतून निघालेलं हे प्रकरण डिसेंबरात फिरोज गांधींनी चर्चेत धसास लावलं. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, वर पंतप्रधान नेहरूंचे जावई. नातं आड आलं नाही. पुढं न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली. गर्दी एवढी, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.