बुडालेल्या कंपनीचा बोनस : लोक एवढे का चिडले?



सातवीला शेकडेवारी शिकवताना मी एक खरं उदाहरण फळ्यावर लिहितो. बुडायला आलेल्या एका कंपनीला सरकारने सुमारे १७,००० कोटी डॉलरची मदत केली. त्या कंपनीने कर्मचाऱ्यांना १६.५ कोटी डॉलर बोनस वाटला. तर बोनस मदतीच्या किती टक्के? उत्तर येतं साधारण ०.१. म्हणजे हजार रुपयांत एक रुपया. मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, एवढ्याशा पैशासाठी लोक का चिडले?" तेव्हा तास संपला होता. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

कंपनी अमेरिकेतली, एआयजी. आपल्याकडे टाटांच्या भागीदारीमुळे हे नाव अनेकांना माहीत आहे. धंदा विम्याचा. पण तिच्या एका छोट्या विभागाने भलताच उद्योग केला. बँकांना सांगितलं, तुमची कर्जं बुडाली तर आम्ही भरून देऊ. आता असं बघा, गावातल्या सगळ्या घरांच्या आगीचा विमा एकाच माणसाने उतरवला, हप्ते घेतले, पण गल्ल्यात पुरेसे पैसेच ठेवले नाहीत. एखादं घर जळालं तर निभावेल. अख्खी आळी पेटली तर? २००८ मध्ये अमेरिकेत घरकर्जांची आळीच पेटली.

ही कंपनी बुडाली असती तर तिच्यावर विसंबलेल्या देशोदेशीच्या बँका अडचणीत आल्या असत्या. म्हणून सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आधी ८,५०० कोटी डॉलरचं कर्ज दिलं, पुढे आकडा वाढतच गेला. जवळजवळ ८० टक्के मालकी सरकारकडे आली. म्हणजे मालक कोण, तर कर भरणारा सामान्य माणूस. त्याचीच नोकरी त्या काळात जात होती, घर जप्त होत होतं.

आणि मार्च २००९ मध्ये बातमी आली बोनसची. तोही नेमका त्याच विभागाला! सत्तरहून जास्त जणांना प्रत्येकी दहा लाख डॉलरच्या वर. (आम्हा शिक्षकांना सणाला अग्रिम मिळतो, तोही हप्त्याहप्त्याने पगारातून कापून जातो. असो.)

कंपनी म्हणाली, हे करार २००८ च्या सुरुवातीचे आहेत, मोडता येणार नाहीत. आणि हा बोनस नफ्याबद्दल नव्हताच, माणसं सोडून जाऊ नयेत म्हणून होता. पण त्यातले अकरा जण तर आधीच सोडून गेले होते! हे कळल्यावर लोक आणखी भडकले. काही जण बस करून कनेक्टिकटमधल्या अधिकाऱ्यांच्या घरांपर्यंत गेले. प्रतिनिधीगृहाने अशा बोनसवर ९० टक्के कर लावायचं विधेयक ३२८ विरुद्ध ९३ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये मात्र ते पुढे सरकलं नाही.

मला वाटतं, खरं कारण हेच : १७,००० कोटी ही रक्कम कुणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही. दहा लाख येतात. आपण जन्मभर कमावू तेवढे पैसे कुणाला तरी चूक केल्याबद्दल मिळाले, असं प्रत्येकाला दिसलं. लहान आकडाच जास्त झोंबला.

दुसरी बाजूही मुलांना सांगा. त्या विभागातल्या एका अधिकाऱ्याने राजीनाम्याचं पत्र वर्तमानपत्रात छापलं. त्याचं म्हणणं, तोट्याच्या व्यवहारांशी माझा संबंध नव्हता, मी वर्षभर एक डॉलर पगारावर काम केलं, बोनसचं वचन मिळालं होतं म्हणूनच थांबलो. ज्यांनी खड्डा खणला त्यातले बरेच जण निघून गेले होते आणि उरलेले तो बुजवत होते. वर्गात इथे हमखास दोन गट पडतात. पडू द्या.

२०१२ च्या अखेरीस सरकारने आपले सगळे शेअर विकले, दिलेले पैसे वसूल झाले आणि वर सुमारे २,२७० कोटी डॉलर फायदाही झाला. हे त्या मुलीला मी नंतर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण सर, चिडले तेव्हा त्यांना हे कुठे माहीत होतं?"